साडेनऊ हजारांचा डॉलर

१ जानेवारी १९९० रोजी पोलंडमध्ये एका डॉलरची किंमत ९,५०० झ्लॉटी ठरली. आदल्या दिवसापर्यंत सरकारी दर ६,५०० होता आणि वर्षभरापूर्वी तो ५०० च्या आसपास होता. नव्या वर्षापासून आयात करू पाहणाऱ्या कोणत्याही उद्योगाला परवान्यावाचून, रांगेवाचून, याच दराने बँकेतून डॉलर मिळणार होते. ही घोषणा करणारे सरकार सत्तेवर येऊन चार महिनेही झाले नव्हते. तिजोरीत परकीय चलन तुटपुंजे होते, डोक्यावर सुमारे ४० अब्ज डॉलरचे परदेशी कर्ज होते आणि महागाई महिन्यागणिक मोजायची वेळ आली होती.

अशा अवस्थेत ९,५०० हाच आकडा कसा निघाला, ९,००० किंवा १२,००० का नाही, या प्रश्नात पूर्व युरोपच्या पुढच्या दहा वर्षांचा बराचसा इतिहास दडला आहे. अर्थशास्त्रात ‘समतोल विनिमय दर’ अशी एक कल्पना आहे. ज्या दराला निर्यातीतून आयात आणि कर्जाचे हप्ते बेताने भागतात आणि त्यासाठी देशात बेकारीची किंवा महागाईची लाट आणावी लागत नाही, तो समतोल दर. स्थिर देशात तो शोधणेही कठीण असते. जिथे कारखाने, भाव, मालकी, गिऱ्हाईक सगळेच एका वेळी बदलत होते, तिथे तो मोजायचा कशाच्या आधाराने? मोजमाप हाती येण्याची वाट पाहणे मात्र कोणालाच परवडणारे नव्हते.

ही कोंडी चाळीस वर्षांत तयार झाली होती. समाजवादी पोलंडमध्ये डॉलरला एक किंमत नव्हतीच. परदेशी व्यापार ही सरकारची मक्तेदारी. कारखाना माल तयार करी, सरकारी व्यापार संस्था तो बाहेर विकी, आलेले डॉलर सरकारजमा होत आणि कारखान्याला देशातल्या ठरीव भावाने झ्लॉटी मिळत. दोन्ही भावांतला फरक सरकारी हिशेबात इकडचा तिकडे केला जाई. त्यासाठी मालागणिक वेगवेगळे गुणक असत. कोळशाचा डॉलर एका भावाचा, यंत्राचा दुसऱ्या. सरकारी दर हा त्यामुळे वहीतला आकडा होता. त्याच्यावरून कोणाची निर्यात वाढत नव्हती की कोणाची आयात थांबत नव्हती.

रस्त्यावरचा डॉलर वेगळाच होता. १९७२ पासून ‘पेवेक्स’ नावाची सरकारी दुकाने चालत. तिथे जीन्स, कॉफी, चॉकलेट, परदेशी दारू आणि देशातच बनलेला पण इतर दुकानांत न मिळणारा माल डॉलर घेऊन किंवा डॉलरच्या बदल्यात मिळणारी सरकारी रोखपत्रे घेऊन विकत. हे डॉलर शिकागोच्या नातेवाइकाकडून येत, नाहीतर दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या ‘त्सिंकचाश’कडून, म्हणजे चोरून चलन बदलून देणाऱ्याकडून. पोलीस बहुधा काणाडोळा करीत, कारण अखेरीस ते डॉलर सरकारच्याच दुकानात पोचत. १९८८ मधला पोलंडचा सरासरी मासिक पगार सरकारी दराने शंभर डॉलरच्या वर दिसतो. त्सिंकचाशच्या दराने तोच पगार तीस डॉलरच्या आतबाहेर भरतो. यातला खरा कोणता? माझ्या मते दोन्ही खोटे. एक फर्मानाने फुगवलेला, दुसरा टंचाईने आणि भीतीने दाबलेला.

कागदावरच्या अशा दराची झळ आपल्यालाही लागली आहे. भारत-सोव्हिएत व्यवहार रुपये आणि रुबल यांच्या १९७८ च्या करारातल्या दराने चालत असे आणि संरक्षण सामग्रीचे मोठे कर्ज रुबलमध्ये मांडलेले होते. सोव्हिएत संघ कोसळला, रुबलचा बाजारभाव काही पैशांवर आला, आणि कर्ज कोणत्या दराने फेडायचे यावरून दिल्ली आणि मॉस्को यांच्यात वाद पेटला. जानेवारी १९९३ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा तो मिटला. कर्जाचा मोठा भाग रुबलला सुमारे २० रुपये या १९९० च्या दराने मान्य झाला आणि उरलेला भाग ४५ वर्षांच्या बिनव्याजी हप्त्यांवर गेला. बाजारात ज्या नाण्याला काही पैसे येत होते, त्याचे वीस रुपये आपण कबूल केले.

पोलंडमध्ये जुनी घडी मोडायला सुरुवात शेवटच्या कम्युनिस्ट सरकारनेच केली होती. मार्च १९८९ मध्ये नवा कायदा आला आणि खासगी ‘कांतोर’, म्हणजे चलन बदलून देणारी परवानाधारक दुकाने, उघडली. त्सिंकचाश रातोरात दुकानदार झाले. पाठोपाठ ऑगस्टमध्ये अन्नधान्याचे भाव मोकळे सोडले गेले. पगार मात्र भावांशी बांधलेले होते आणि तुटीची भरपाई नोटा छापून होत होती. त्या एका महिन्यात भाव सुमारे ४० टक्क्यांनी वाढले, ऑक्टोबरमध्ये जवळपास ५५ टक्क्यांनी. पगार हातात पडताच लोक कांतोरकडे धावत. झ्लॉटी जवळ ठेवणे म्हणजे दिवसादिवसाने गरीब होणे होते.

दरम्यान राजकारण उलटले होते. ४ जूनच्या निवडणुकीत सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार चळवळीने खुल्या असलेल्या जवळजवळ सर्व जागा जिंकल्या आणि सप्टेंबरमध्ये तादेउश माझोव्येत्स्की यांचे मंत्रिमंडळ आले. अर्थखाते बेचाळीस वर्षांच्या लेशेक बाल्त्सेरोविच यांच्याकडे गेले. त्यांचे सहकारी, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे अधिकारी आणि जेफ्री सॅक्स व डेव्हिड लिप्टन हे अमेरिकी सल्लागार यांच्या चर्चांतून जो आराखडा निघाला, त्यात भावांना मोकळीक होती, तुटीला कात्री होती, पगारवाढीवर जबर कर होता आणि या सगळ्याच्या मधोमध एक स्थिर डॉलर होता.

हा स्थिर डॉलर एकाच वेळी दोन कामांना जुंपला होता, आणि सगळी अडचण त्यातच होती. एक काम भावांना नांगर टाकण्याचे. बाकी सर्व काही वाढत असताना निदान एक आकडा हलत नाही, हे लोकांना दिसायला हवे होते. दुसरे काम व्यापाराचे. आयातीला दार उघडल्यावर निर्यातही टिकली पाहिजे. नांगरासाठी झ्लॉटी भक्कम हवा, कारण स्वस्त झ्लॉटीने आयात महागते आणि महागाईला इंधन मिळते. निर्यातीसाठी आणि तिजोरी वाचवण्यासाठी झ्लॉटी स्वस्त हवा.

हाताशी असलेल्या प्रत्येक मोजपट्टीत खोट होती. पहिली मोजपट्टी क्रयशक्ती समतेची. दोन देशांतल्या भावपातळीचे गुणोत्तर म्हणजे योग्य विनिमय दर, असा सिद्धांत स्वीडनचे गुस्ताव कॅसेल यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मांडला होता. त्या हिशेबाने डॉलर ९,५०० च्या निम्म्याहूनही स्वस्त असायला हवा होता. पण गरीब देशांत ही पट्टी फसते, हे १९६४ मध्ये बेला बालासा यांनी दाखवून दिले होते. पॉल सॅम्युएलसन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच मांडले. बालासा मूळचे बुडापेस्टचे, १९५६ च्या उठावानंतर देश सोडून अमेरिकेत गेलेले. त्यांचा मुद्दा साधा होता. बोल्ट किंवा कापड जगभर साधारण एका भावाने विकते, कारण ते जहाजात चढते. केशकर्तन किंवा ट्रामचा प्रवास जहाजात चढत नाही. त्याचा भाव स्थानिक पगारावर ठरतो, आणि पगार कारखान्यातल्या उत्पादकतेवर. म्हणून गरीब देशात सेवा स्वस्त असतात, तिथले चलन क्रयशक्तीच्या मानाने कायम हलके दिसते, आणि देश जसजसा उत्पादक होतो तसतसे ते वधारत जाते. त्यांच्या जन्मभूमीच्या आसपास आता हाच प्रश्न तातडीचा झाला होता. झ्लॉटी किती हलका असणे साहजिक आणि किती हलका असणे नुकसानीचे?

दुसरी मोजपट्टी कांतोरची. तिथला दर मोकळा होता, पण तो घाबरलेल्या माणसांचा दर होता. भाव फुटतील, नोटा बाद होतील या धास्तीने केलेल्या खरेदीतून तो बनला होता. तिसरी मोजपट्टी निर्यातदारांच्या खर्चाची, म्हणजे एक डॉलर कमवायला किती झ्लॉटी लागतात याची. पण वीज, कोळसा, भाडे, कर्ज सगळेच ठरीव भावाचे असताना तो खर्चही बनावट होता.

मग निर्णय कसा झाला? माझ्या वाचनातून मला जे उमगते ते असे की, त्या लोकांनी बरोबर आकडा शोधण्याचा हट्ट सोडला आणि कोणत्या बाजूला चुकणे परवडेल ते ठरवले. झ्लॉटी महाग ठेवला तर डॉलर काही आठवड्यांत संपतील, दर मोडेल आणि सरकारचा शब्दही. स्वस्त ठेवला तर भाव अपेक्षेहून जास्त वाढतील, पण दर टिकेल. त्यांनी स्वस्ताच्या बाजूला चुकायचे ठरवले. पाठीशी पाश्चात्त्य देशांनी दिलेला एक अब्ज डॉलरचा स्थिरीकरण निधी उभा केला. दर निदान काही महिने हलणार नाही, असे सांगितले.

जानेवारीत भाव सुमारे ४५ टक्क्यांनी वाढतील असा अंदाज होता. ते जवळजवळ ८० टक्क्यांनी वाढले. महिन्याभरात रांगा नाहीशा झाल्या, कारण माल आला आणि तो घेण्याची ऐपत गेली. वॉर्सोत घडीच्या खाटा आणि छोट्या फियाट गाड्यांची टपे हीच दुकाने झाली. मांस, संत्री, तुर्की स्वेटर, बर्लिनहून आणलेली रेडिओयंत्रे, सगळे फुटपाथवर. फेब्रुवारीत महागाई २४ टक्क्यांवर आणि मार्चमध्ये ५ टक्क्यांच्या खाली आली.

आणि डॉलर संपले नाहीत. उलट लोकच गादीखालचे डॉलर काढून कांतोरमध्ये विकू लागले, कारण झ्लॉटीवर आता व्याज होते आणि बाजारात घेण्याजोगे काही होते. देशात माल खपेना म्हणून कारखाने बाहेर विकू लागले, आणि त्या दराने विकणे परवडतही होते. व्यापारात तूट येईल अशी तयारी होती, प्रत्यक्षात मोठे आधिक्य आले. स्थिरीकरण निधीतला एक डॉलरही वापरावा लागला नाही. निदान काही महिने टिकवायचा म्हटलेला दर साडेसोळा महिने टिकला.

दराचे यश सांगताना त्याची किंमत झाकायला मी तयार नाही. १९९० मध्ये पोलंडचा सरासरी मासिक पगार १०.३ लाख झ्लॉटींच्या घरात होता, म्हणजे सुमारे १०८ डॉलर. पोझ्नानचा इंजिनियर आणि लोजची कापडगिरणीतली कामगार हे शिकलेले, कसबी लोक होते. शेजारच्या जर्मनीत त्या रकमेत काही दिवसही निघाले नसते. उद्योगांचे उत्पादन वर्षात जवळपास चौथ्या हिश्शाने घसरले आणि जिथे बेकारी हा शब्द अधिकृत भाषेत नव्हता तिथे वर्षअखेर ११ लाख लोक बेकार नोंदले गेले. या सगळ्याचा दोष दराचा नाही. सोव्हिएत बाजारपेठ आटत होती, कारखाने जुनाट होते. तरी इतक्या खोल अवमूल्यनाने महागाईचा पहिला तडाखा वाढवला, हा ग्झेगोश कोवोद्को यांच्यासारख्या टीकाकारांचा आक्षेप मला रास्त वाटतो. पुढे १९९४ मध्ये तेच अर्थमंत्री झाले. खबरदारी म्हणून घेतलेला जादा स्वस्तपणा सामान्य घरांच्या खिशातून गेला होता.

शिवाय दर गोठला तरी भाव गोठले नव्हते. १९९१ मध्येही महागाई ७० टक्के होती. डॉलर ९,५०० वरच असल्याने पोलिश मालाचा डॉलरमधला खर्च महिन्यागणिक चढत गेला. स्वस्त झ्लॉटीने निर्यातदारांना दिलेली उशी दीड वर्षात झिजली. त्यातच १ जानेवारी १९९१ पासून समाजवादी देशांचा आपसातला व्यापार जागतिक भावाने आणि रोख डॉलरमध्ये होऊ लागला. तेल महागले, जुने गिऱ्हाईक नाहीसे झाले. १७ मे १९९१ रोजी झ्लॉटी ११,१०० पर्यंत उतरवून तो पाच चलनांच्या टोपलीला बांधला गेला. ऑक्टोबरपासून सरकारने आणखी शहाणा मार्ग धरला. दर महिन्याला १.८ टक्के, आधी जाहीर करून, थोडे थोडे अवमूल्यन. महागाईहून हा वेग मुद्दाम कमी ठेवला होता, त्यामुळे झ्लॉटी नावाने उतरत असताना खऱ्या क्रयशक्तीत हळूहळू वधारत होता. समतोल दर हलता आहे, हे या रचनेत प्रथमच मान्य केलेले दिसते.

त्याच काळात शेजाऱ्यांनी याच प्रश्नाची वेगळी उत्तरे दिली. त्यांतले सर्वांत महागडे उत्तर पूर्व जर्मनीचे.

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली आणि माणसे हजारोंनी पश्चिमेला जाऊ लागली. पश्चिमेचा मार्क आमच्याकडे आला तर आम्ही राहू, नाहीतर आम्हीच त्याच्याकडे जाऊ, असे लाइपझिगच्या मोर्चांत लोक बजावत होते. चान्सलर हेल्मुट कोल यांना उत्तर द्यायला फार वेळ नव्हता. पश्चिम जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने दोन पूर्वमार्कांना एक पश्चिममार्क सुचवला. खुद्द पूर्व जर्मनीची सरकारी व्यापारयंत्रणा एक पश्चिममार्क कमवायला सुमारे ४.४ पूर्वमार्क खर्च होतात असे मानून चालत असे. १ जुलै १९९० रोजी पगार, निवृत्तिवेतने आणि भाडी एकास एक दराने बदलली गेली. बचतीपैकी बहुतेक प्रौढांचे पहिले ४,००० मार्कही एकास एक, उरलेले दोनास एक.

हे वेडेपणाने झाले असे मी म्हणणार नाही. तिथला सरासरी पगार १,३०० मार्कांच्या आसपास होता. दोनास एक धरला असता तर तो ६५० झाला असता, आणि दोन तासांच्या रेल्वेप्रवासावर त्याच्या कितीतरी पट पगार मिळत असताना कोण थांबले असते? पण कारखान्यांच्या बाजूने पाहिले तर एका रात्रीत त्यांच्या चलनाची किंमत चौपट झाली होती. त्याच मजुरीत, त्याच यंत्रांवर बनलेला माल पोलंडला, सोव्हिएत संघाला परवडेना, आणि पूर्व जर्मनांनाही तो आता नको होता. त्यांना पश्चिमेचा साबण, पश्चिमेची गाडी हवी होती. वर्ष संपायच्या आत औद्योगिक उत्पादन निम्म्यावर आले. पुढच्या एप्रिलमध्ये त्स्विकाऊच्या कारखान्यातून शेवटची ट्राबांट गाडी बाहेर पडली. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ, जॅनेट येलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हिशेब मांडला. तिथल्या औद्योगिक कामगारांपैकी जेमतेम ८ टक्के अशा उद्योगांत होते, ज्यांना नव्या भावात रोजचा चालू खर्च तरी भरून काढता येत होता. कामगार संघटनांनी केलेल्या पगारवाढीच्या करारांनी जखम आणखी खोल केली, तेव्हा सगळे खापर १:१ वर फोडणे अन्यायाचे होईल. पण पोलंडला चुकीच्या दराची भरपाई पगारात करावी लागली आणि पूर्व जर्मनीला नोकऱ्यांत, एवढा फरक स्पष्ट आहे. पूर्व जर्मनीच्या मागे पश्चिमेची तिजोरी होती. दुसऱ्या कोणाकडे ती नव्हती.

चेकोस्लोव्हाकियाने पोलंडचाच धडा घेतला, पण थंड डोक्याने. अर्थमंत्री वाक्लाव्ह क्लाउस यांनी १९९० मध्ये टप्प्याटप्प्याने अवमूल्यन करून वर्षअखेर डॉलरला २८ कोरुना हा दर धरला आणि १ जानेवारी १९९१ ला भाव मोकळे सोडले. त्या महिन्यात भाव २६ टक्क्यांनी चढले आणि मग शांत झाले. क्लाउस आणि त्यांचे सहकारी दोन ‘उश्यां’ची भाषा करत, एक दराची आणि एक पगाराची. चलन मुद्दाम स्वस्त आणि पगार उत्पादकतेच्या मागे, म्हणजे कारखान्यांना धडपडत उभे राहायला मऊ जागा. ही बैठक पाच-सहा वर्षे टिकली आणि देशाचे कौतुक झाले. पण उश्या सपाट होत असताना दर तसाच राहिला. पगार आणि भाव चढत गेले, परदेशी पैसा व्याजासाठी आत आला, बँका आणि कारखाने यांची खरी सुधारणा लांबली. १९९६ मध्ये, आता वेगळ्या झालेल्या चेक प्रजासत्ताकात, चालू खात्यातली तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७ टक्क्यांच्या आसपास गेली. मे १९९७ मध्ये कोरुनावर हल्ला झाला, मध्यवर्ती बँकेने व्याजदर प्रचंड चढवले, डॉलर ओतले, आणि २७ मे रोजी दर सोडून दिला. सुरुवातीला योग्य ठरलेला दर सहा वर्षांनी तिथेच अयोग्य झाला होता.

तेव्हापर्यंत अर्थशास्त्रज्ञांकडे मोजण्याजोगी काही आकडेवारी साठली होती. बुडापेस्टचे लास्लो हाल्पर्न आणि शार्ल विप्लोश या दोघांचा संक्रमणातल्या देशांच्या समतोल दरांवरचा निबंध १९९७ च्या अखेरीस नाणेनिधीच्या नियतकालिकात आला. नेहमीच्या पद्धतीत एखाद्या देशाचा वीस-तीस वर्षांचा इतिहास घेऊन सरासरीवरून समतोल ठरवतात. इथे ते निरर्थक होते, कारण त्या इतिहासात बाजारच नव्हता. म्हणून त्यांनी जगभरचे देश शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, की कामगारामागे इतके उत्पादन, इतके शिक्षण, शेतीचा इतका वाटा असलेल्या देशात सरासरी पगार डॉलरमध्ये किती असतो? मग त्या सूत्रात पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक यांचे आकडे घातले आणि निघालेल्या पगाराची प्रत्यक्षातल्या पगाराशी तुलना केली.

निष्कर्ष दुहेरी होता. सुधारणांच्या आरंभी जवळजवळ सगळीकडे डॉलरमधला पगार अपेक्षित पातळीच्या बराच खाली कोसळला होता, म्हणजे चलने गरजेपेक्षा स्वस्त झाली होती. आणि नंतर चलनांचे जे वधारणे दिसत होते, त्याचा एक भाग त्या खड्ड्यातून वर येण्याचा होता, तर दुसरा भाग बालासा यांनी सांगितलेला, उत्पादकता वाढल्याने समतोल दरच वर सरकण्याचा. धोरणासाठी याचा अर्थ मोठा होता. निर्यातदार ओरडतात म्हणून प्रत्येक वधारणे रोखायला जाल तर ते महागाईच्या वाटेने येईलच. मला या निबंधाची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याची मोजपट्टी. भावांच्या टोपलीऐवजी तिने कामकऱ्याचा पगार घेतला, आणि त्यामुळे दराच्या चर्चेत तो दर ज्यांनी सोसला ती माणसे आली. तिच्या मर्यादाही होत्या. योजनाकाळातल्या उत्पादनाचे आकडे फुगलेले, मालाचा दर्जा हिशेबात न धरता येणारा, आणि शाळेची वर्षे सारखी असली तरी तिथले कौशल्य नव्या कारखान्यात किती उपयोगी हे कोणी सांगावे? पुढच्या अभ्यासकांनी वेगळी सूत्रे लावली आणि त्यांच्या उत्तरांत बरीच तफावत येत राहिली. दिशा मात्र बहुतेकांची एकच निघाली.

पोलंडने ती दिशा व्यवहारात आधीच ओळखली होती. महिन्याच्या अवमूल्यनाचा वेग कमी होत गेला. १९९५ मध्ये जुन्या दहा हजार झ्लॉटींचा एक नवा झ्लॉटी झाला, मे महिन्यात दराला दोन्ही बाजूंना सात टक्के हलायची मुभा मिळाली आणि डिसेंबरमध्ये चलनाची किंमत चक्क ६ टक्क्यांनी वाढवण्यात आली. १२ एप्रिल २००० रोजी झ्लॉटी पूर्ण मोकळा झाला.

एस्टोनियाने याच्या अगदी उलट वाट धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. सोव्हिएत संघातून बाहेर पडलेला हा छोटा देश १९९२ मध्ये रुबलच्या महापुरात बुडत होता. २० जून रोजी मध्यवर्ती बँकेचे प्रमुख सीम काल्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवे चलन आणले. दहा रुबलला एक क्रोन, प्रत्येक रहिवाशाला १,५०० रुबलपर्यंत बदलून, आणि आठ क्रोनला एक जर्मन मार्क. जितके सोने आणि परकीय चलन गंगाजळीत, तितकेच क्रोन बाहेर, असा नियम. त्या गंगाजळीत महायुद्धापूर्वी परदेशी बँकांत ठेवलेले आणि आता परत मिळालेले सोने होते. अवमूल्यनाचा अधिकार बँकेकडून काढून संसदेकडे ठेवला गेला.

आठचा आकडा त्या वेळच्या रुबलच्या पडेल बाजारभावाजवळचा होता, म्हणजे क्रोन फारच स्वस्त होता. दर हलणार नसल्याने समतोलाकडे जायचे काम भावांनी आणि पगारांनी केले. पुढची अनेक वर्षे एस्टोनियात महागाई जर्मनीच्या कितीतरी पट राहिली, आणि त्यातला बराचसा भाग अपयशाचा नसून स्वस्त चलनाची खोट भरून निघण्याचा होता. हीच वाट उलट दिशेने चालायची पाळी २००९ मध्ये आली. जागतिक मंदीत पोलंडचा मोकळा झ्लॉटी घसरला आणि त्या वर्षी युरोपीय संघात एकटी पोलंडची अर्थव्यवस्था वाढली. एस्टोनियाचे उत्पादन मात्र सुमारे १४ टक्क्यांनी आटले. दर राखायचा तर पगार कापावे लागणार होते. सरकारने पगार कापले, कंपन्यांनीही, आणि बाल्टिक समुद्र ओलांडून फिनलंडला कामाला जाणाऱ्यांची संख्या वाढली. १ जानेवारी २०११ रोजी एस्टोनियाने युरो स्वीकारला. क्रोन १५.६४६६ ला एक युरो या दराने बदलले गेले. मार्क युरोत विलीन होतानाच्या दराने गुणाकार केला, तर तो १९९२ चा आठ क्रोनला एक मार्क हाच दर भरतो.